थोरली पाण्यात कशी उभी असायची

९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

ऑपरेशन नीट झालं असं वहिनीने कळवलं. फोन करत नाही. फोनवर तू नुसतं "काय? काय?" करतोस, मी ओरडते आणि लॅबमधल्या सगळ्यांना तुझी तब्येत कळते. बोटीच्या इंजिनाने तुझे कान खाल्ले. आता पत्रच बरं.

सोबतच्या डबीत कापसात गुंडाळलेली एक वस्तू आहे. हसू नकोस. परवा तू आत होतास तेव्हा मी कामावरच होते. एका बाईंची दाढ मेणात कोरायला घेतली होती. लक्ष तुझ्याकडे. हात चालूच राहिले, मेणाला टोक निघत गेलं, आणि बघते तर दाढेची बोट झालेली. मग साचा केला आणि कवळीचा उरलेला माल त्यात भरला. तो गुलाबीच असतो, त्याला माझा इलाज नाही.

मालकांनी बघितली. म्हणाले, "ही कुणाच्या तोंडात बसवायची?"

उशाशी ठेव.

तुझी
खार

१८ फेब्रुवारी

चि. खार,

आशीर्वाद. बोट पोचली. हिरड्यांच्या रंगाची बोट मी जन्मात पाहिली नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी साबण समजून वास घेतला. सिस्टर तिच्यात थर्मामीटर ठेवते.

आता ऐक. बोटीला पुढचं आणि मागचं असतं. तुझ्या बोटीला दोन्हीकडे पुढचंच आहे. पाण्यात सोडलीस तर कुठे जायचं याचा विचार करत बसेल. शिवाय सुकाणू नाही. ज्या मुलीने लहानपणी सुकाणूवर बसायचा हट्ट धरून मला वैताग दिला, तिने ते विसरावं?

पण हात चांगला आहे. तुझ्या आईचा असा होता. भाजी चिरायला बसली तरी बघत राहावंसं वाटे.

लाकडाची करून बघ. मेण सांगशील तसं वळतं, त्यात तुझं कौतुक काय? लाकूड उलट बोलतं.

इथे छताखेरीज बघायला काही नव्हतं. आता ही आहे. बरं वाटतं, एवढं लिहितो.

मामा

६ एप्रिल

प्रिय मामा,

लाकडाची केली. फळी जुन्या खोक्याची. हत्यारं लॅबमधली माझीच, दातांची. मालकांना कळलं तर ओरडतील म्हणून संध्याकाळी घरी आणते आणि सकाळी पुसून परत नेते. या खेपेला एकच टोक पुढे आहे. सुकाणूही आहे, हलतं. पॉलिश मनापासून केलंय, आरशात धरली तर कुठली खरी ते कळणार नाही.

तू घरी आलास हे छान झालं. चालतोस का?

लॅबमध्ये मशीन आलं. पडद्यावर दाताचं चित्र फिरवायचं, हवं तिथे फुगवायचं, बटण दाबायचं. शेजारच्या पेटीत दात कोरून तयार. चांगला होतो, खोटं कशाला बोलू. मालक माणूस म्हणून वाईट नाहीत. मला म्हणाले, "तुमच्याइतका दात कुणाला कळत नाही, पडद्यासमोर तुम्हीच बसा." बसून बघितलं. डोळे दुखले आणि हात मांडीवर पडून राहिले, दुसऱ्याचे असल्यासारखे.

मी त्यांना थोडे दिवस मागून घेतलेत. का, ते मलाच नीट माहीत नाही. माझ्या टेबलावरचं मेण सकाळी ठेवते तसंच संध्याकाळी असतं.

तुझी
खार

१७ एप्रिल

चि. खार,

बोट मिळाली. डेकवरून बोट फिरवलं. काच! तुझ्या डेकवर माझे खलाशी घसरून पडतील, आणि सगळ्यात आधी मी पडेन, नव्या खुब्यासकट. दात चकाकतात म्हणून जगातलं सगळं चकाकवायचं नसतं. डेक खरखरीत हवं. लोक ओल्या चपलांनी चढतात, कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या कडेवर पोर.

दुसरी गोष्ट. तू ठोकळा कोरून बोट केलीस. ती बोटीसारखी दिसणारी वस्तू झाली. बोट बांधायची असते. आधी कणा. त्याला फासळ्या. फासळ्यांवर फळ्या, आणि त्या एक उजवीकडे, एक डावीकडे, अशा पाळीपाळीने. एक बाजू उरकून दुसरीला हात घातलास तर अख्खी बोट पिळवटते. मी बोटी बांधल्या नाहीत, चालवल्या. पण दुरुस्तीला वर काढल्या की सुतारांच्या पायात लुडबुडायचो. त्यांनी हाकललं नाही, त्यांचे उपकार.

पडद्यासमोर बसायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी काय सांगणार? मला फक्त पाणी कळतं.

मी रोज चालतो.

मामा

ता. क. वहिनीकडून नमस्कार. पत्र टाकायला मी जाते म्हणून वाचायला मिळतं. बाबांचं "रोज चालतो" म्हणजे पलंगापासून खिडकीपर्यंत. तेही खिडकीत तुमच्या बोटी मांडल्यात म्हणून. तुम्ही आणखी पाठवा. जागा मी करते.

२१ ऑगस्ट

प्रिय मामा,

मधे फक्त खोकी पाठवली, पत्रं नाहीत. वहिनी कळवत होती की तू प्रत्येक बोटीत काहीतरी खोड काढतोस आणि मग दिवसभर ती समोर घेऊन बसतोस. तू काढलेल्या खोडी मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावल्यात. "फासळ्या बरगड्यांसारख्या दिसतात, हे आजारी जनावर आहे का?" ही मला सगळ्यात आवडते.

आता बातमी. नीट बसून वाच.

पूल झाल्यावर फेरी बंद पडली आणि धक्क्यावरची प्रतीक्षेची खोली बसवाल्यांना दिली, हे तुला माहीत आहे. तिथे भिंतीला काचेची कपाटं करून तीन बोटींचे नमुने ठेवायचे, असं बंदराच्या कचेरीने ठरवलंय. थोरली, मधली आणि धाकटी. कचेरीतल्या बाई आमच्याकडे कवळी घ्यायला आल्या होत्या, आईसाठी. माझ्या टेबलावर अर्धवट फासळ्या बघून म्हणाल्या, "हे कुणाचे दात?" त्यातून बोलणं निघालं.

आधी थोरली करायची. ती पसंत पडली तर मधली आणि धाकटीही माझ्याच, आणि दुसऱ्या धक्क्यांवरच्या बोटींसाठीही त्या शब्द टाकणार आहेत. मग मी लॅब सोडू शकते. नाही पडली तर वर्षाच्या शेवटी पडद्यासमोर बसायचं, मालकांना तसं कबूल केलंय. त्यांनी फार वाट बघितली.

पसंती देणं तुझ्यावर आहे. बाई म्हणाल्या, थोरली ज्याने कुणी चालवली त्याने "हीच ती" असं लिहून सही द्यावी. नाही तर उद्या कुणीही उठून सांगेल की आमची बोट अशी नव्हती. तशी माणसं दोनच होती आणि त्यातला एक आता नाही.

थोरलीवर मी मोठी झाले. आई गेली तेव्हा तू मला घरी एकटी ठेवली नाहीस. सुकाणूमागच्या फळीवर बसून मी शाळेचा सगळा अभ्यास केला. हे काम दुसऱ्या कुणाचं व्हायला नको होतं, असं वाटतं.

कचेरीने मूळ आराखडा दिलाय. तुझ्याकडचा फोटो पाठवशील?

तुझी
खार

३० ऑगस्ट

चि. खार,

फोटो पाठवतो. भिंतीवरून काढला तर मागे पांढरा चौकोन उरला. सूनबाई म्हणते तिथे कॅलेंडर लावू. म्हटलं, हात लावू नकोस.

थोरली समोरून धक्क्याकडे येतेय. केबिनच्या काचेत जो काळा ठिपका दिसतो तो मी. फोटो काढणाऱ्याचा हात तिरका होता. बोट सरळ आहे, पण मागचं पाणी एका बाजूला उतरत गेलंय. पाणी कधी उतरतं का? तेवढं सोडून दे, बाकी फोटो खरा.

आराखड्यात नसलेलं सांगतो. पुढचा कठडा मधोमध बसका होता, सगळे तिथेच टेकायचे. भोंग्याची दोरी तुटल्यावर मी सुतळी बांधली होती, ती शेवटपर्यंत तीच. चढायच्या फळीला मधे खळगा पडला होता. रंग पांढरा म्हणायचा, पण पांढरा नाही. कसला ते सांगता येत नाही.

सहीचं म्हणशील तर घाबरू नकोस. आणि घाबर. भाची म्हणून मी डोळे मिटून सही करणार नाही. ती बोट मी सकाळी पहिल्यांदा सुरू करायचो तेव्हा तिच्याशी बोलायचो. लोकांना वाटे इंजिनाशी बोलतो.

काम तुझ्याकडे आलं, याचा आनंद लिहिता येत नाही.

मामा

२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

खोकं उलटं धरू नका, वर बाण काढलाय. वहिनी, वरचा भुसा आधी काढ.

कठडा मधे बसका आहे. सुतळी खरी सुतळी आहे, उसवून तिची एकच तार घेतली. चढायच्या फळीचा खळगा मी नखाने घासून पाडला, हत्याराने तो हत्याराचा दिसत होता. डेक खरखरीत आहे, घसरलास तर जबाबदारी तुझी.

रंगाबद्दल. आमच्याकडे दातांच्या रंगांची एक पट्टी असते, पांढऱ्यापासून पार तपकिरीपर्यंत. तुझा "पांढरा पण पांढरा नाही" मी त्यात शोधला. खूप वर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसाचा पुढचा दात. तो थोरलीचा रंग. बघ बरोबर आहे का.

बाकी सगळं आराखड्याप्रमाणे, आणि आराखड्यात नाही ते फोटोप्रमाणे. पाण्याची पातळी जिथे लागते तिथे शेवाळी पट्टा दिलाय, दोन्ही बाजूंना सारखा. स्टँडवर ठेवलीस की ती पाण्यात उभी असल्यासारखी दिसेल.

आवडली तर सोबतच्या कागदावर सही कर आणि बाईंकडे पाठव. नाही आवडली तर खोड काढ. तीही हवीच आहे.

तुझी
खार

१४ नोव्हेंबर

चि. खार,

बोट बघितली. रंग तोच. सुतळी तीच. फळीचा खळगा बघून मला माझ्या पायांचा आवाज आला. मी कुणाचं काम इतकं जवळून पाहिलेलं नाही.

सही करत नाही.

काय चुकलंय ते सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं. खिडकीत ठेवून बघितली, टेबलावर ठेवून बघितली, सूनबाईला सांगून कपाटाच्या वर ठेवली आणि खालून बघितली, धक्क्याच्या पायऱ्यांवरून दिसायची तशी. सगळं आहे आणि ती नाही. तिच्यासारखी दिसणारी कुणी पाहुणी बसलीय. शिष्ट.

माझ्यावर राग धरू नकोस. तुझं काय अडकलंय ते मला ठाऊक आहे.

मामा

ता. क. मी रोज म्हणते, करून टाका सही. ते म्हणतात, "तू गप." तुमच्या दादांनीही सांगून बघितलं. त्यांनाही तेच ऐकावं लागलं. रागावू नका, बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. वहिनी.

२० नोव्हेंबर

मामा,

"पाहुणी" म्हणजे काय? मी फळी वर की खाली करू? कठडा कापू? मी चुकले असेन तर चूक दाखव, मी दुरुस्त करीन. तू जे लिहिलंस त्यावर मला कानस चालवता येत नाही.

मला वाटतं तुला सहीच करायची नाही. सही केलीस की थोरली कपाटातली होईल. मला ते कळतं. पण मग तसं सांग.

मालकांनी आज पुन्हा विचारलं. मी मान हलवली. कुणीकडे ते त्यांनाच कळलं नाही.

खार

२ डिसेंबर

चि. खार,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तसं नाही. कपाटात गेली तर जाऊ दे, निदान पाऊस लागणार नाही. मला सही करायची आहे. पेन उशाशी ठेवून झोपतो. चूक सापडली की त्याच क्षणी तुला लिहीन.

दुसरं लिहायला काही नाही म्हणून घरचं लिहितो. घरी व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. कडक आहे. मला "आजोबा" म्हणते आणि शिपायासारखं उभं करते. परवापासून तिचं नवीन सुरू झालंय. म्हणते, "आजोबा, तुम्ही सगळा भार डाव्या पायावर टाकता. दोन्ही पायांवर उभे राहा." म्हटलं, मी दोन्हीवरच उभा आहे. तिने आरसा आणला. खरंच, डावीकडे. मग जुनी कागदपत्रं काढली. म्हणते, डावा खुबा झिजून गेला म्हणून बदलावा लागला, आणि उजवा तरण्या माणसाचा असावा तसा आहे, जणू वापरलाच नाही. "कुठे उभे असायचात इतकी वर्षं?" म्हटलं, कामावर. "काम कसलं, एका पायावर उभं राहायची शिक्षा होती का?" सूनबाई इतकी हसली की चहा सांडला.

तिच्या आरशात मी सरळ उभा राहिलो की मला पडल्यासारखं होतं. वाकडा उभा राहिलो की बरं वाटतं. म्हातारपण असं असतं.

तू जेवतेस ना वेळेवर?

मामा

५ डिसेंबर

प्रिय मामा,

म्हातारपण नाही. थोरली.

सांगते. कवळी करताना जुनी कवळी हातात आली की मी ओळखते, हा माणूस कुठल्या बाजूने चावत होता. तिथले दात झिजलेले असतात. त्याला विचारलं तर तो सांगतो, "दोन्हीकडून." तुझं पत्र वाचताना मला तेच वाटलं. तू त्या केबिनमध्ये वर्षानुवर्षं उभा होतास. तुझा डावा खुबा झिजला, कारण तुझ्या पायाखालची जमीन डावीकडे उतरत होती. थोरली डावीकडे कललेली असायची, मामा. थोडीशीच. इतकी थोडी की कुणाच्या लक्षात येऊ नये, आणि इतकी कायम की खुबा झिजावा.

मी फोटो पुन्हा काढला. फोटो काढणाऱ्याचा हात तिरका असेल, नाही असं नाही. पण त्याने बोट सरळ धरली, म्हणून पाणी तिरकं आलं. तू आणि मी दोघांनी बोटीवर विश्वास ठेवला आणि पाण्याला खोटं ठरवलं. पुढच्या कठड्याला टेकलेली माणसं बघ. सगळी एकाच बाजूला झुकलीत. मला वाटलं होतं वारा असेल. ती सरळ उभी आहेत. बोट झुकलीय.

लाज कसली वाटते सांगू? आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात की दातांची पातळी दातांवरून काढायची नाही. दात वाकडे असू शकतात. डोळ्यांची रेषा बघायची आणि तिच्याशी जुळवायचं. मी बोटीची पातळी बोटीवरूनच काढली.

आणि आराखडा खोटा नाही. तो नव्या बोटीचा आहे. तू चढलास तेव्हा ती नवी नव्हती.

आणखी एक. सुकाणूमागच्या फळीवर मी अभ्यास करायचे तेव्हा पेन्सिल सारखी खाली पडायची आणि तू ओरडायचास. ती कायम एकाच बाजूला पडायची, दाराच्या. दार कुठल्या हाताला होतं? मला डावीकडे आठवतं, पण आता मला माझ्या आठवणीवर भरवसा नाही. तू सांग.

तुझं उत्तर येईपर्यंत बोटीला हात लावत नाही. वहिनीला सांग, खोकं परत पाठव.

तुझी
खार

९ डिसेंबर

चि. खार,

दार डावीकडे.

पत्र सूनबाईने वाचून दाखवलं, मग मी वाचलं, मग व्यायामवाली आली तिला वाचायला लावलं. ती म्हणाली, "आजोबा, आता बोटीत नाही आहात."

तुझं पत्र येईपर्यंत मला माहीत नव्हतं आणि पत्र वाचल्यावर वाटलं, हे मला कायम माहीत होतं. मी तिच्यावर चढलो त्या दिवसापासून ती तशीच होती. त्याआधी कधीतरी इंजिन बदललं होतं आणि डिझेलची टाकी डावीकडे सरकवली, असं जुने लोक म्हणायचे. तेच कारण की दुसरं काही, देव जाणे. सकाळी चहाचा पेला ठेवला की चहा एका काठाला वर दिसायचा. मी समजायचो, पेला वाकडा आहे. नवा घेतला. तोही वाकडा निघाला. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

पेन्सिलीबद्दल तुला धांदरट म्हणायचो, ते परत घेतो.

बोट टेबलावर ठेवली होती, तिच्या उजव्या बाजूखाली मी काडीपेटीतली एक काडी सरकवली. दुसरी सरकवली. मग मागे सरलो, आणि सूनबाईला हाक मारली. ती धावत आली, तिला वाटलं मी पडलो. म्हटलं, बघ, आली.

दोन काड्या. एक कमी पडते, तीन म्हणजे बुडायला लागली असं वाटतं.

खोकं उद्या निघतं. काड्या आतच ठेवल्या आहेत.

मामा

२८ डिसेंबर

प्रिय मामा,

झालं. स्टँडची डावी खाच कापून खोल केली. शेवाळी पट्टा पूर्ण खरवडला आणि पुन्हा दिला, डावीकडे वर, उजवीकडे खाली. उजवीकडे पट्ट्याच्या वरचं लाकूड जरा उघडं पडतं, तिथे वाळलेलं मीठ दाखवलंय. डाव्या कठड्याला शिंपडलेल्या पाण्याचे डाग जास्त आहेत. हे कुणी बघणार नाही. तू बघशील.

मालकांना सांगितलं, सही व्हायची आहे, थांबा. ते म्हणाले, "मशीन तुमची वाट बघून गंजणार नाही. सही होऊ दे." असा माणूस मालक म्हणून मिळाला हेही नशीबच. आणि त्यांच्या हत्यारांची चोरी त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. त्यांनीच मला एक कोरणी दिली, स्वतःची. "ही परत आणू नका," म्हणाले.

बोट थेट बाईंकडे पाठवतेय. कपाटात बसवल्यावर तुला बोलावतील. मला येता येणार नाही, लॅबमध्ये शेवटच्या दोन कवळ्या हातच्या आहेत, त्यातली एक बाईंच्या आईची, नव्याने करायला आलेली. ती अर्धी टाकून येणं बरं नाही.

सही कर किंवा करू नकोस. आता मला भीती नाही, असं लिहिणार होते. आहे. पण माझ्या बोटीत काय नाही हे तू ओळखलंस आणि खोटी सही केली नाहीस, त्याबद्दल मी तुझी आभारी आहे. दुसऱ्या कुणी केली असती, आणि मग मी जन्मभर बोटीसारख्या दिसणाऱ्या वस्तू करत राहिले असते.

तुझी
खार

१५ जानेवारी

चि. खार,

काल जाऊन आलो. सूनबाई बरोबर होती. गाडी धक्क्यापर्यंत जाते, पण मी पुलाच्या तोंडाशी उतरलो आणि तिथून चाललो. हे मी लिहितो म्हणून विश्वास ठेवू नकोस, खाली तिची ओळ आहे.

खोली ओळखू येत नाही. तिकिटाच्या खिडकीच्या जागी वेळापत्रक आहे. बाकं तीच. तुझ्या बाई दारात घ्यायला आल्या. म्हणाल्या, बोट फार सुंदर आहे, फक्त स्टँड करताना थोडं मागेपुढे झालं असावं, पण काळजी करू नका, आम्ही सावरून घेतलंय. बघितलं तर डाव्या बाजूखाली पुठ्ठ्याची घडी. चांगल्या मनाने ठेवलेली, नीट कापून, दिसू नये अशी.

म्हटलं, कपाट उघडा.

घडी मी काढली. बोट आपल्या जागी बसली. बाई काही बोलणार होत्या, तेवढ्यात बाकावरून एक म्हातारी उठली, पिशवीसकट. बस लागली होती, तरी इकडे आली. मी तिला ओळखत नाही, फेरीने जाणाऱ्यांतली असावी. काचेशी येऊन म्हणाली, "अगं बाई, थोरली!" आणि बसकडे धावली. पाटी वाचायला थांबली नाही. पाटी अजून लावलेलीच नाही.

बाईंनी पुठ्ठा माझ्या हातातून घेतला आणि पर्समध्ये टाकला. मग कागद पुढे केला. पेन माझं मी नेलं होतं. "हीच ती" लिहिलं आणि खाली सही केली. मधली आणि धाकटीचे कागद त्या तुला या आठवड्यात पाठवतील. मधली मी थोडीच चालवली, पण तिचा भोंगा कसा घसा बसल्यासारखा वाजायचा ते सांगू शकेन. ते लाकडात कसं आणायचं ते तुझं तू बघ.

तुझ्या आईने तुला माझ्याकडे सोपवलं तेव्हा मी घाबरलो होतो. पोरीला काय देणार, एक बोट आणि तीही सरकारची. ती बोट तू मला परत दिलीस. आता माझ्याकडे तुझं काही देणं राहिलं असेल तर ते मी मनात ठेवतो, फेडायच्या फंदात पडत नाही.

सगळे गेल्यावर मी कपाटासमोर थोडा वेळ उभा होतो. मागून सूनबाई म्हणाली, "बाबा, पुन्हा डाव्या पायावर. दोन्हीवर उभे राहा बघू."

म्हटलं, जरा थांब. अजून मधे आहोत. धक्क्याला लागू दे.

मामा

ता. क. बाबा खरंच चालले, पुलापासून. आणि त्यानंतर मी थांबले. वहिनी.